नारिंगी नारिंगी लाल

डबा आधी ठरला.
ॲल्युमिनियमचा, दोन खणांचा, झाकणाला पोचा,
वागळे इस्टेटात सत्तावीस वर्षं चपात्या नेलेला.
बुडाशी टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव: य. गो. ठोंबरे.
गोगरी म्हणाला, कॅबिनेट घ्या ना काका, काळं, पावडर कोटिंगवालं.
म्हटलं, डब्याला अर्थिंग चांगलं बसतं.
खरं म्हणजे टाकवत नव्हता.

मग आयसी. पंचावन्न-बत्तीस,
माझ्या लग्नाआधीची घडण, अजून चाळीस रुपयांत मिळते.
काचेत साडेआठशेची एक बसली होती
मखमलीवर, नथीसारखी.
हात लावला नाही, नुसतं विचारलं, फरक काय पडतो?
गोगरी खरं बोलणारा माणूस.
"किमतीत पडतो."

ट्रान्सफॉर्मर गोल की चौकोनी यात महिना गेला.
गोल घेतला, तो भाजीच्या खणात मावेना.
आता तो फळीवर वेगळा बसतो,
रुसलेल्या पाहुण्यासारखा, वायरीपुरता संबंध ठेवून.

रेझिस्टर पन्नास आणले, एक टक्क्याचे,
आणि वर्तकनगरच्या स्वयंपाकघरात, ओट्यावर,
मल्टीमीटर लावून एकेकाची जोडी जुळवली:
डाव्याला जेवढं, उजव्याला तेवढंच,
दशांशानंतरच्या तिसऱ्या आकड्यापर्यंत.
हेमलता दूध उतू जाऊ नये म्हणून उभी होती.
म्हणाली, पोरीचं स्थळ एवढं निरखून पाहिलं नव्हतंत.

पहिल्या रात्री तंबोरा लावला.
घूं नाही, खरखर नाही.
चारही तारा स्वच्छ,
फक्त कपाळाच्या मध्यात हव्यात त्या
डाव्या भुवईवर.

व्हॉल्यूमचा पॉट. दुसरं काय असणार.
साठ रुपयांचा काढला, अकराशेचा निळा घातला.
डावी भुवई.
निळा काढला, चोवीस पायऱ्यांचा स्विच आणला,
अठ्ठेचाळीस रेझिस्टर त्यावर स्वतः डकवले,
बोटं भाजली, चष्म्याचा नंबर वाढला.
प्रत्येक पायरीला टक्
आणि प्रत्येक टकला तंबोरा तसूभर मोठा
आणि तिथेच.

कपॅसिटर बदलले. शिसं बदललं.
गोगरीच्या वहीत माझं पान उलटलं.

मग एका दुपारी, कंटाळून,
हेडफोन उलटा घातला. डावा उजव्याला.
दोष यंत्रात असता तर तंबोऱ्याने बाजू बदलली असती.
त्याने बदलली नाही.

बराच वेळ तसाच बसलो, उलटा हेडफोन घालून.

साठ टनांचा पॉवर प्रेस माझ्या उजव्या हाताला होता.
मिनिटाला चाळीस ठोके, शिफ्ट आठ तासांची,
गुणाकार तुम्ही करा.
कानात घालायला कंपनी कापूस द्यायची.
रज्जाक त्याचे बोळे अत्तरात बुडवायचा
आणि शुक्रवारी सगळी लाइन गुलाबाची यायची.
हसायचो आम्ही. ओरडून हसायचो,
हळू हसलेलं ऐकू येत नसे.

जुन्या बोर्नव्हिटाच्या डब्यात शोधला तेव्हा सापडला:
कार्बनचा, पाच टक्क्यांचा, हलका माल,
नारिंगी नारिंगी लाल, शेवटी सोनेरी रेघ.
दोन-दोनच्या जागी तीन-तीन, फक्त उजवीकडे.
किंमत पन्नास पैसेसुद्धा नसेल.
इतक्या निगुतीने जुळवलेली एक जोडी
मी माझ्या हाताने मोडली.

तंबोरा चालत आला. थांबला.
दोन्ही भुवयांच्या मध्ये,
जिथे हेमलता टिकली लावते.

रविवारी भाची आली, ऋजुता.
मोठ्या कौतुकाने तिच्या डोक्यावर चढवला.
डोळे मिटून ऐकलं तिने, मान वाकडी केली,
"मस्त आहे मामा, पण हा सगळा उजवीकडे कललाय."
म्हटलं, हो.
"दुरुस्त नाही होणार?"
म्हटलं, झालाय.

तिच्यासाठी दुसरा करीन.
त्यात दोन्ही बाजू सारख्या, एक टक्क्याच्या आत.
डबा मात्र तिचा तिने आणावा.